कडुलिंबाखालचा स्टॉप

तेजस्विनी : ...तर हे लाटणं म्हणजे रस्त्याची मधली पट्टी. तिकडं काथवट ठेवली, ते टाउनशिपचं गेट. आणि ही लसणाची कुडी म्हणजे आपली वस्ती.

मथुराबाई : एवढीशी? निदान आख्खा गड्डा तरी ठेव. गावाची काही लाज?

तेजस्विनी : मोठ्याई, ऐक ना गं. लाटण्याच्या आत दोन लेन. त्यांतून बस जाणार, आणि ज्यांनी टोल भरलाय त्या गाड्या जाणार. बाकी ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या सगळ्या बाहेरून, फुकट. आत्ता रखडतात तशाच रखडत.

मथुराबाई : म्हंजे पैसं टाकून पुढं घुसायचं.

तेजस्विनी : घाई असेल त्यानं टाकायचे. जबरदस्ती नाही. कंपनी बँकेकडून कर्ज काढून रस्ता बांधणार आणि टोलमधून ते फेडणार. बसला मात्र टोल नाही. बस त्याच रिकाम्या लेनमधून सरळ हडपसर.

मथुराबाई : हे झ्याक हाय. कंप्युटरवाली पोरं टोल भरून जाणार, आन् त्यांच्या भाकरी थापणारी म्हातारी त्यांच्याच पट्टीतनं बिनटोल जाणार.

तेजस्विनी : तिकीट आहे हं. फुकट नाही.

मथुराबाई : तिकीट काढंन की. मी काय चोर हाय?

सोनबा : वहिनी, थट्टा बास झाली. तेजू, लाटणं-बिटणं कळलं आम्हाला. तुमच्या साहेबांनी बसस्टॉप कुठं मांडलाय, ते सांग तुझ्या मोठ्याईला.

तेजस्विनी : साहेबांनी नाही अण्णा. मी मांडलाय. कडुलिंबापाशी.

सोनबा : ऐका! पोटच्या पोरीनं! मी गावचा उपसरपंच, आन् माझ्या पोरीनं विसाव्यावर बसस्टॉप मांडला. उद्या ग्रामसभेत लोक माझ्या तोंडाकडं बघतील.

मथुराबाई : विसावा? कसला विसावा?

सोनबा : मयताचा, वहिनी. दुसरा कसला? नदीला जाताना तिरडी मध्ये टेकवतो, खांदेपालट करतो, ती जागा.

मथुराबाई : ती तर रोडखाली गेली. रस्ता चौपदरी केला तवाच.

सोनबा : जुनी गेली. मग आम्ही दुसरी केली.

तेजस्विनी : कुठं?

सोनबा : तिथंच. कडुलिंबाच्या अंगाला.

तेजस्विनी : आणि हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?

सोनबा : पोरीबाळींना काय सांगायचं त्यात? बाया मयताबरोबर येशीपर्यंत येतात न् माघारी फिरतात. पुढचं तुम्हाला ठावं असायचं कारणच न्हाई.

तेजस्विनी : अण्णा, अख्खा उन्हाळा मी या रोडवर सर्व्हे केला. विहिरी, पाण्याच्या टाक्या, म्हसोबा, शाळेची भिंत, एकूण एक गोष्ट नकाशावर घेतली. ऑफिसात बाकी सगळे बाहेरचे. साहेबांनी हा पट्टा मुद्दाम मला दिला. म्हणाले, तू तिथलीच, तुझ्याकडून काही सुटणार नाही.

मथुराबाई : सुटलं की मग.

तेजस्विनी : सुटलं.

मथुराबाई : तिथलीच म्हणून सुटलं बाळा. बाहेरचा पोरगा असता तर त्यानं पारावरच्या गड्यांना इचारलं असतं. तू कशाला इचारशील? तुला वाटलं, मला सगळं ठावं हाय.

सोनबा : आता झालं ते झालं. ठराव तयार हाय माझा. "सदर ठिकाणी बसथांबा झाल्यास ग्रामस्थांच्या भावना दुखावतील, सबब थांबा टाउनशिपच्या गेटासमोर घेण्यात यावा."

मथुराबाई : गेटासमोर.

सोनबा : व्हय.

मथुराबाई : आन् गेटासमोर कुणाचे गाळे बांधून रिकामे पडलेत, ते बी लिवलंय का त्यात?

सोनबा : वहिनी, गाळ्यांचा न् ह्याचा काय संबंध?

मथुराबाई : मी कुठं संबंध लावला? आपलं इचारलं. भावना दुखावल्या की दुकानं चालतात, असं मी आजवर ऐकलं न्हवतं.

सोनबा : हे बघा, तो बिल्डर स्वतःच्या खर्चानं स्टॉप बांधून द्यायला तयार हाय. कंपनीचा खर्च वाचतो, बँक खूश, गावाचा विसावा शाबूत. कुणाचं नुकसान हाय ह्यात?

तेजस्विनी : मोठ्याईचं.

सोनबा : ते कसं काय?

तेजस्विनी : बँकेनं अट घातलीये अण्णा. सगळ्या गावांचे ठराव आल्याशिवाय कंपनीला पैसे सुटणार नाहीत. ज्या स्टॉपवर हरकत येईल तो सरळ वगळायचा, भांडत बसायचं नाही. तुमचा कागद उद्या गेला की आपला स्टॉप गेला. पुन्हा कुणी विचारायला येणार नाही.

मथुराबाई : मग माझं वडाप? रतनची गाडी?

तेजस्विनी : मधल्या पट्टीला दोन्हीकडून कठडा लागणार. रतनची सिक्स सीटर आत्ता जिथून वळते ती फटच राहणार नाही. तो पण मग गेटापासूनच माणसं भरेल.

मथुराबाई : म्हंजे मी गेटापत्तोर चालत जायचं.

सोनबा : लांब न्हाई काही.

मथुराबाई : तुम्हाला न्हाई, भावजी. जमीन गेली, बुलेट आली. बुलेटला गुडघे नसतात. माझे दोन हाईत, आन् दोन्ही कुरकुरतात. वर डोक्यावर काथवट.

तेजस्विनी : काथवट तू कॅन्टीनलाच का ठेवत नाहीस?

मथुराबाई : ठेवली होती. एका पोरीनं तीत भांडी भिजत घातली. लाकडाची काथवट, साबणाच्या पाण्यात! तवापास्नं माझी मी नेते, माझी मी आणते. त्यांच्या स्टीलच्या परातीत पीठ मळलं की भाकरीला चीर जाते.

सोनबा : मग जाऊ नका ना. कुणी सांगितलंय त्या आयटीवाल्यांच्या कॅन्टीनला राबायला? घरात काय कमी हाय? मी काय मेलोय का?

मथुराबाई : तुम्ही हाईत हो. तुमचा भाऊ न्हाई. ते गेल्यावर पहिलं वर्षभर मी भिंतीशी बोलत होते, ठावं हाय का? चूल पेटवायची न् चुलीलाच इचारायचं, काय करू गं आज. तिथं भाकरीवर धा-बारा बाया हाईत. एकीची सून वाईट, एकीची सासू. ऐकता ऐकता दुपार होते. भाकरीचं निमित्त हाय नुसतं. आन् उशीर चालत न्हाई तिथं. मॅनेजर आत्ताच म्हणतो, मावशी, भाकरीचं मशीन बघून आलोय मी. त्याला फक्त कारण पाह्यजे. गेटापत्तोर चालत गेले, धापा टाकत दोन-चारदा उशिरा पोचले, की झालं. मशीन आलं, मावशी गेली.

तेजस्विनी : अण्णा, मला एक सांगा. मयत इथून नदीवर कसं नेता?

सोनबा : कसं म्हंजे? वस्तीतनं निघायचं, कडुलिंबापाशी टेकवायचं, पुढचे मागं, मागचे पुढं व्हायचं. मग दुभाजकातल्या फटीतनं रस्ता वलांडायचा न् खाली नदीला.

तेजस्विनी : कुठल्या फटीतनं?

सोनबा : तीच की. रतन वळतो ती.

तेजस्विनी : ती बंद होणार, आत्ताच सांगितलं.

सोनबा : मयताला कोण अडवंल?

तेजस्विनी : कठडा अडवेल. मधून टोलच्या गाड्या सुसाट जाणार, तिथं चालत ओलांडायला कोण देईल? पलीकडं जायचं ते रस्त्याखालून, भुयारी मार्गानं. आणि भुयार फक्त स्टॉप असेल तिथंच. कारण बसचा स्टॉप रस्त्याच्या मध्यात, तिथं जायलाच ते खणायचंय. स्टॉप गेटापाशी गेला तर भुयारही गेटापाशी.

सोनबा : म्हंजे मयत टाउनशिपच्या गेटावरनं न्यायचं?

मथुराबाई : तुमच्या गाळ्यांसमोरनं. दुकानं थाटल्यावर बरं दिसंल.

सोनबा : तो वॉचमन तिथं गाडी सुद्धा उभी करू देत न्हाई...

मथुराबाई : मयताला करू दील. फक्त वहीत लिवायला लावंल. नाव काय, कुणाकडं आलाय, माघारी किती वाजता जाणार.

सोनबा : वहिनी!

तेजस्विनी : मोठ्याई, तू पण ना...

मथुराबाई : हसू नका गं. मलाच लिवायचं हाय ते एक दिवस.

सोनबा : तेजू, हे सगळं आधी का न्हाई बोललीस?

तेजस्विनी : तुम्ही विचारलंत का? ठराव लिहिलात, सह्या गोळा केल्यात, आणि मला कळलं आईच्या फोनवरून. म्हणून तर रविवारची धावत आले होस्टेलवरून.

सोनबा : बरं. भुयार कसं असतंय? दाखव तुझ्या लाटण्यावर.

तेजस्विनी : हे बघा. वस्तीच्या बाजूनं पायऱ्या उतरायच्या, मग काटकोनात वळायचं, रस्त्याखालून चालत जायचं. मध्यावर वर स्टॉपला जायला जिना. पलीकडं पुन्हा काटकोनात वळून वर.

सोनबा : काटकोनात का?

तेजस्विनी : जागा कमी लागते. सगळीकडं असंच करतात.

सोनबा : आन् तिरडी कशी वळंल? चार जणांच्या खांद्यावर असती ती. पुढचे दोघं वळले, मागचे अजून पायरीवर. कशी वळंल?

तेजस्विनी : तिरडी किती लांब असते, अण्णा?

सोनबा : माणसाएवढी. वर पुढं-मागं दांडे.

तेजस्विनी : थांबा. शिडी कुठंय गं मोठ्याई?

मथुराबाई : शिडी? गोठ्याला टेकवलीय. कशाला? अगं ए! भरल्या घरात असली तालीम करू नये!

तेजस्विनी : शिडीच आहे ती. अण्णा, तुम्ही पुढं धरा. गोठ्याच्या बोळातून घेऊ, तिथं कोपरा आहे. पायऱ्याही आम्ही साधारण एवढ्याच रुंद धरल्यात.

(सोनबा आणि तेजस्विनी शिडी खांद्यावर घेऊन बोळात शिरतात. मथुराबाई हाताचं पीठ झटकत मागोमाग.)

तेजस्विनी : हं, वळा आता.

सोनबा : कुठं वळू? माझं टोक भिंतीला टेकलं.

तेजस्विनी : थोडं मागं या.

सोनबा : मागं येतात का कधी? पुढंच जायचं असतं.

मथुराबाई : भावजी, उभी करा की जरा. उभी केली की निघंल.

सोनबा : उभी कशी करता, वहिनी? आत माणूस हाय!

मथुराबाई : शिडीत?

सोनबा : हाय असं धरायचं ना. न्हाईतर काय उपयोग?

मथुराबाई : काही न्हाई गं तुळजा! भिंतीवरनं वाकू नकोस, पडशील! शिडी वळते का बघतोय! व्हय, रंग द्यायचाय!

तेजस्विनी : नाहीच वळत. अण्णा, तुमच्या खांद्याला लागतंय का?

सोनबा : लागू दे. तुझं बघून झालं का?

तेजस्विनी : झालं. म्हणजे कोपरा चालणार नाही. सरळ पाहिजे. आणि पायऱ्याही नकोत, चौघांची उंची सारखी राहिली पाहिजे. लांब उतार पाहिजे. तो म्हाताऱ्या माणसांनाही बरा.

मथुराबाई : काथवटवाल्यांना बी.

तेजस्विनी : पण उताराला जागा लागते. साहेब पहिलं तेच विचारतील, जागा कोण देणार? कडुलिंबाच्या मागची पट्टी कुणाची आहे?

मथुराबाई : बोला, भावजी. शिडी खांद्यावर हाय तवर बोला.

सोनबा : माझीच हाय. बिल्डरनं मागितली होती, दिली न्हाई मी. तिरका तुकडा हाय, गाळे बसत न्हाईत त्यात.

मथुराबाई : देव सगळी सोय करतो.

सोनबा : देईन. आता खाली ठेवू का ही? खांदा भरून आला.

तेजस्विनी : ठेवा, ठेवा.

सोनबा : दादा एवढा सुद्धा जड न्हवता.

मथुराबाई : शेवटी शेवटी जेवत कुठं होते. तांदळाची पेज, ती बी माझ्यासाठी प्यायचे.

सोनबा : मी पुढं होतो. डाव्या अंगाला.

मथुराबाई : मला येशीवरनं तुमची पाठ दिसली, पांढरी बंडी. मग रोडवर ट्रक आडवा आला न् काही दिसंना. भावजी, त्यांना कुठं टेकवलं होतं?

सोनबा : सांगितलं की. कडुलिंबाच्या अंगाला.

मथुराबाई : अंगाला म्हंजे कुठं? कडुलिंबाला चार अंगं हाईत.

सोनबा : राहू द्या, वहिनी.

मथुराबाई : माझ्या दारात एवढी शिडी नाचवली, आन् आता राहू द्या?

सोनबा : तुम्ही रोज बसता तो दगड.

तेजस्विनी : अण्णा...

सोनबा : जुन्या विसाव्याचाच हाय तो. रोडवाले बुलडोझर घालणार होते, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही चौघांनी पहारीनं उचकटून कडुलिंबाखाली आणून ठेवला. दादा बी होता. त्यानंच जागा दाखवली, सावलीला ठेवा म्हणाला. मग तिथं सावली, बसायला दगड, म्हणून बाया बसायला लागल्या. बाया बसल्या म्हणून रतन तिथं थांबायला लागला. आता बायांना कसं सांगायचं, की उठा? काय म्हणून उठवायचं?

मथुराबाई : दोन वर्सं झाली मी बसते तिथं.

सोनबा : ठावं हाय. सकाळी डेअरीला जाताना दिसता तुम्ही. मांडीवर काथवट घेऊन बसलेल्या. मी मान वळवतो. तुम्हाला वाटत असंल, दीर माजलाय, वळख देत न्हाई.

मथुराबाई : वाटायचंच.

सोनबा : गाळ्यांचं मनात न्हवतं असं न्हाई म्हणणार मी. पण तेवढंच न्हवतं. स्टॉप म्हटलं की माणसं आली, टपरी आली. कुणीतरी तिथं गुटखा थुंकणार. दादाला जिथं टेकवला तिथं. ते मला बघवलं नसतं.

मथुराबाई : कधीमधी तिथं गुलाल सांडलेला असायचा. मला वाटायचं, कुणीतरी इलेक्शन जिंकलं.

तेजस्विनी : मोठ्याई...

मथुराबाई : चुरमुरे बी असायचे. म्हटलं, पोरांनी भेळ सांडली. पदरानं झटकायची न् बसायची. वर रतनला शिव्या, किती उशीर करतोस म्हणून.

तेजस्विनी : मी तिथं स्टॉप का टाकला, सांगू? आमची पद्धत आहे. माणसं आपसूक कुठं थांबतात ते आधी बघायचं, आणि तिथं खूण करायची. माणसाला कुठं थांबायचं ते आपण शिकवायचं नाही. मी सकाळी सर्व्हेला यायचे तेव्हा तिथं तू बसलेली असायचीस. मी तुझ्यावरच खूण केली.

मथुराबाई : म्हंजे दगड त्यांनी ठेवला, दगडावर मी बसले, मला बघून तू स्टॉप टाकला. आन् सकाळपास्नं भावजी तुझ्यावर वरडतायत.

सोनबा : आता न्हाई वरडत. भुयाराचं तोंड नक्की कुठं येतंय, तेजू?

तेजस्विनी : दगडावरच. सरळ उतार केला तर दगड हलवावाच लागेल. कडुलिंबाच्या मागं, तुमच्या तिरक्या तुकड्यात. सावली तिथंही आहे. तिरडी तिथं टेकवायची आणि तिथूनच सरळ उतारात. साहेबांना पटवणं माझ्याकडं लागलं.

मथुराबाई : हलवा. एकदा हलवलाय, अजून एकदा. पण मागच्या खेपेसारखं गुपचूप न्हाई. ह्या खेपेला बाया येतील संगं. कुठं ठेवताय ते बघतील.

सोनबा : आता बायांनी तिथं...

मथुराबाई : मयताबरोबर न्हाई येत आम्ही. दगडाबरोबर यायला कुणी अडवलंय? आन् ठावं असलं म्हंजे बसायचं कुठं न् न्हाई कुठं, ते आमचं आम्ही ठरवू. थुंकणाऱ्याचं बी आम्हीच बघू. तुम्ही मान वळवाल, आम्ही न्हाई वळवायच्या.

सोनबा : ठराव पुन्हा लिवावा लागंल.

तेजस्विनी : मी लिहून देते. थांबा हवा, भुयार सरळ हवं, जागा गाव देईल. भावनांचं वाक्य काढू का?

सोनबा : राहू दे. त्या हाईतच की.

मथुराबाई : चला, शिडी जागेवर लावा. तुळजा परत डोकावली तर तिला रंगाचा डबा दाखवायला न्हाई माझ्याकडं.

सोनबा : वहिनी, उद्या सकाळी मी सोडतो तुम्हाला हडपसरला. बुलेटवर.

मथुराबाई : तुमच्या बुलेटवर? काथवट घेऊन? आधीच सांगते, मला येवढ्यात भुयाराचं उद्घाटन करायचं न्हाई.

सोनबा : मग रतनला सांगतो, गाडी दारात आणंल. तुम्ही तिथं बसू नका आता.

मथुराबाई : नको. रतन येतो तिथंच येऊ द्या त्याला. मी उद्या जरा लवकर निघंन.

तेजस्विनी : लवकर कशाला? त्याची गाडी तर उशिराच येते.

मथुराबाई : म्हणूनच. ती यायच्या आधी जरा बसायचंय.